तांबं, हिरे आणि बाबांचा भोंगा

त्या उन्हाळ्यात मी जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या घरी बसून झांबियाचं तांबं आणि बोत्स्वानाचे हिरे यांची तुलना करत होते. माझ्या पीएचडीचा विषयच तो. देशाने जमिनीतून खनिज काढलं की जग त्याला कमाई म्हणतं. माझं म्हणणं, थांबा, साठा घटला त्याची किंमत आधी वजा करा. तांब्याचं त्यातल्या त्यात सोपं होतं, बाजारभावातून काढण्याचा खर्च वजा करायचा. हिऱ्यांनी मात्र जीव खाल्ला. प्रत्येक हिऱ्याचा भाव वेगळा, म्हणून मी वापरत होते त्या तक्त्यात हिरे धरलेच नव्हते. त्यामुळे कागदावर बोत्स्वानाचं जवळजवळ काहीच घटत नव्हतं. मला त्या तक्त्याचा भयंकर राग यायचा.

बाबा शेजारच्या खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत राहायचे. "अजून किती उरलंय खाली?" असं मधेच विचारायचे. त्यांचं सगळं आयुष्य भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणीवर सुरुंग लावण्यात गेलं. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं आणि तेव्हापासून त्यांना एकेक गोष्ट आठवेनाशी झाली. आधी नातेवाइकांची नावं गेली, मग घराचा रस्ता. एका सकाळी मी चहा दिला, तर म्हणाले, "कशाला त्रास घेतलात, बाई?" मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसलेसुद्धा. त्यानंतर मी बाईच राहिले. त्यांनी एकदा तरी पूर्वीसारखं 'पोरी' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

एका शनिवारी मी त्यांना गावाबाहेरच्या बागरझेवर नेलं. ऱ्हाइनकाठची रेती-खडी काढून झाल्यावर जो खड्डा उरतो, त्यात पाणी भरतं आणि लोक तिथे पोहायला येतात. पॉप्लरचा कापूस हवेत तरंगत होता, पाणी हिरवट दिसत होतं आणि सगळे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते.

"खाण बंद पडली वाटतं," बाबा म्हणाले.

"हो, केव्हाच."

"माल संपला असेल."

मला उन्हात पेंग येत होती. आमच्या खाणीच्या वसाहतीमागची टेकडी डोळ्यांपुढे येत होती. माझ्या लहानपणी ती होती, मी कॉलेजात गेले तोवर तिच्या जागी खड्डा झाला होता. आता तिथेही पाणी असेल, आणि पाण्यात कोणी पोहत नसेल.

तेवढ्यात भोंगा वाजला. इथे अधूनमधून सायरन तपासतात, त्याला प्रोबेआलार्म म्हणतात. कोणी मानही वर केली नाही. बाबा मात्र ताडकन उठले. आमच्याकडे भोंगा म्हणजे आता सुरुंग उडणार. दगड कौलांवर येऊन पडायचे, म्हणून भोंगा झाला की पोराबाळांना ओढून आत घ्यायचं.

"पोरी! आत चल, आत!"

दंडाला धरून त्यांनी मला आइस्क्रीमच्या टपरीच्या पत्र्याखाली खेचत नेलं, माझं डोकं छातीशी धरलं आणि वर दोन्ही पंजे ठेवले. रांगेतली एक आजी हसून म्हणाली, "नुसता प्रोबेआलार्म आहे!" मी "हो, हो," म्हटलं आणि डोकं तसंच ठेवलं. चाळिशीची बाई मी, ओल्या पायांनी सगळ्यांसमोर रडत होते. इतका आनंद झाला होता की भोंगा थांबूच नये असं वाटलं.

थांबला. बाबांनी धमाक्याची वाट पाहिली. तो होईना, तेव्हा हळूच हात काढले.

परतताना ट्राममध्ये ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"तुम्ही कुठल्या, बाई?"

"भंडाऱ्याकडची. खाणीच्या वसाहतीतली."

त्यांचा चेहरा उजळला. "मग माझ्या मुलीला ओळखत असाल. भोंगा झाला की फार घाबरते ती. जरा लक्ष ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं.