जिला मेमो मिळाला, तिनेच सांगावं

सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे लग्न झालं, मोडलं, आणि परभणीकडच्या आमच्या गावाहून मी घाटकोपरला आत्याकडे येऊन पडले. ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. आत्याच्या चाळीत एक सिस्टर राहायच्या. त्यांनी शब्द टाकला म्हणून मला इस्पितळात बदली आयाचं काम मिळालं. बदली म्हणजे कायमची बाई रजेवर गेली तरच आपल्याला काम, आणि कुणाच्या डोळ्यांत खुपलं की उद्यापासून घरी. त्या सिस्टरचे उपकार मी आजही मानते. म्हणून त्यांच्याच वॉर्डातलं हे सांगताना जीभ अडखळते. पण राग काही निवलेला नाही.

बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटचा कठडा लागत नव्हता. खटका तुटलेला. तो बँडेजच्या पट्टीने बांधून ठेवायचे. मी नवीन, म्हणून मोठ्या आयाला विचारलं, "मावशी, हे दुरुस्तीला का देत नाहीत?"

ती हसली. "दे ना तू. पहिलं विचारतील, तोडला कोणी? तुझं नाव सांगू?"

तिथे तसंच होतं. मोडकी वस्तू जो दाखवेल त्याच्याच हातात मेमो पडायचा. 'तुमच्यावर कारवाई का करू नये' असं विचारणारा कागद. त्यामुळे कॉट, स्टूल, सलाईनचा स्टँड, सगळा वॉर्ड पट्ट्यांनी बांधलेला. गाठी मात्र सगळ्याजणी झकास मारायच्या.

त्या कॉटवर दम्याच्या एक आजी आल्या. मूळच्या मालवणकडच्या, मला 'बाय' म्हणायच्या. एका दुपारी पाण्याचा पेला घ्यायला त्या कठड्यावर रेलल्या, गाठ सुटली आणि आजी खाली. माझ्या डोळ्यांसमोर झालं, पण मी दोन कॉट लांब होते. मोठी आया, वॉर्डबॉय आणि मी, तिघांनी त्यांना उचलून वर निजवलं. मोठ्या आयाने आधी पट्टी परत बांधली. मग आम्हा दोघांना म्हणाली, "आजींना नुसती चक्कर आली, पडल्या नाहीत. कळलं ना?"

संध्याकाळी सून भेटायला आली तेव्हा सिस्टरनीही तेच सांगितलं. सुनेने बिचारीने हात जोडले. "तुमी आसास म्हणान बरा गे."

मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी आजींचा पाय हलेना. मी चादर सरळ करायला गेले तर त्यांनी मनगट धरलं. "बाय, पायात कळ मारता गो. डॉक्टराक सांग."

डॉक्टर राऊंडला आले तेव्हा आजींना धाप लागली होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टरांनी पाय दाबला तशा त्या कळवळल्या. डॉक्टर म्हणाले, "वाताचं असेल, वय झालंय. गोळी देऊ." मग वळता वळता सिस्टरना विचारलं, "पडल्या वगैरे नाहीत ना?"

सिस्टर चादरीकडे बघत राहिल्या. मोठी आया माझ्याकडे. जिच्या शब्दावर मी दोन घास खात होते ती बाई समोर उभी. पण डॉक्टर पुढच्या कॉटकडे निघाले असते तर आजींचा पाय तसाच राहिला असता.

"पडल्या, साहेब," मी म्हटलं. "कठडा सुटला. मी बघितलं."

एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. एका गोळीवर त्यांनी ते मोडकं हाड घेऊन किती दिवस काढले असते, देव जाणे. पायाला वजन लावलं, पुढचे उपचार सुरू झाले.

मला वाटलं, आता तरी कोणी कॉट बघायला येईल. आला तो मेमो. माझ्या नावाचा, पेशंटकडे दुर्लक्ष केलं म्हणून.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "तू तिथेच होतीस ना? मग धरलं का नाहीस?"

"साहेब, कठडा पट्टीने बांधला होता."

"पट्टी कोणी बांधली?"

"सगळेच बांधतात."

"मग काय, सगळ्यांना मेमो देऊ?" म्हणाले आणि हसले.

त्या हसण्याने माझं डोकं आजही तापतं. अरे, एका म्हातारीचं हाड मोडलं, आणि तुम्ही हात कोणाचा ते शोधताय! खटका तुटून किती दिवस झाले, अजून किती कॉट अशा आहेत, हे विचारायला काय जात होतं? माणसांना इतकं भिववून ठेवलं की पेशंट जमिनीवर पडलेला असताना त्यांना आधी गाठ आठवते.

नोकरी वाचली ती सिस्टरनी ऑफिसात जाऊन रदबदली केली म्हणून. जिन्यात मला म्हणाल्या, "आधी मला सांगायचंस गं." त्यांनाही पूर्वी एक मेमो मिळाला होता, मोडलेल्या स्टुलापायी. हे कळल्यावर त्यांच्यावर रागावताही येईना.

आठवडाभराने पुरुषांच्या वॉर्डातला वॉर्डबॉय मला शोधत आला. "ताई, आमच्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायची चावी सापडत नाही. ऐन वेळी वाट लागेल. तू ऑफिसात सांग ना."

"मी का? तुमचा वॉर्ड आहे."

"अगं, तुला काय, तुला मेमो मिळालाय ना!"

तो मस्करी करत नव्हता. मग बाळंतिणींच्या वॉर्डातली आया आली. तिथला दिव्याचा खटका शॉक मारत होता. शेवटी खुद्द मोठी आया आली, संडासापुढच्या निसरड्या लाद्यांचं सांगायला. एवढं मोठं इस्पितळ, एवढे शिकलेले लोक, आणि धोका सांगायला बाई एकच, जिची नोकरी आधीच अर्धी गेली होती. संतापाने मला रडू आलं. मग पदराने तोंड पुसलं आणि ऑफिसात गेले.

साहेबांनी मान वर केली. "परत तू?"

"हो," म्हटलं. "आधी सिलिंडरच्या चावीचं बघा. बाकीचं बसून सांगते."

आणि कोणी बस म्हणायच्या आत मी समोरची खुर्ची ओढली.