जपानअंकलांची वही

साऱ्या आखातात जपानी गाणी पहिल्या अक्षराप्रमाणे लावून पाठ केलेला एकच मराठी माणूस होता, आणि तो दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. निदान तेव्हा माझी तशी खात्री होती. ते वसईचे, बहारीनच्या हूरा भागातल्या एका हॉटेलात नोकरीला, बायको-मुलं गावी. सकाळी चर्चला जायचं, तिथून बाजारात चक्कर मारायची आणि बरोबर एक वाजता मनाम्यातल्या आमच्या फ्लॅटची घंटा वाजवायची, असा त्यांचा सुट्टीचा शुक्रवार. त्यांना सगळे ‘जपान’ म्हणत. मोठी माणसं नुसतं जपान, आम्ही मुलं जपानअंकल.

ऐंशीच्या सुरुवातीची ती वर्षं. त्यांच्या हॉटेलात जपानी इंजिनियर सहा-सहा महिने मुक्कामाला असत, आणि त्यांच्यासाठी हॉटेलने एक कराओके मशीन आणलं होतं. कॅसेट लावली की नुसतं संगीत वाजायचं, गाणं आपण म्हणायचं. ते मशीन अंकलांच्या ताब्यात होतं. अडचण एवढीच, की गाण्यांची यादी होती जपानीत. पाहुणा गाणं सांगायचा आणि अंकल चारशे कॅसेटींमध्ये बुडी मारून रिकाम्या हाताने वर यायचे. शेवटी एका वयस्कर इंजिनियरला त्यांची दया आली. त्याने कागदी रुमालावर आपली अक्षरं लिहून एकेक वाचून दाखवली: अ, इ, उ, ए, ओ. मग क, मग स, मग त. अंकलांच्या हातातला ट्रे पडायचा राहिला. ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा प्रत्येक वेळी त्यांचा आवाज खाली यायचा. “माझ्या आयने जे पाटीवर गिरवून घेतलं, ते हा माणूस मला बहारीनमध्ये रुमालावर लिहून देतोय. काही अक्षरं गाळली होती, पण बाराखडी आपलीच.”

त्या दिवसापासून अंकल अक्षरांचे झाले. महिन्याभरात त्यांनी सगळी यादी देवनागरीत उतरवली, आणि पाहुण्याने नुसतं पहिलं अक्षर उच्चारलं तरी कॅसेट हजर करू लागले. मग गाणी ऐकून ऐकून तीही वहीत उतरवली. पण एवढ्यावर थांबतील ते अंकल कसले. खोलीतले मसाल्याचे डबे त्या क्रमाने लागले. फोन नंबरांची डायरी त्या क्रमाने लागली. बाजारहाटसुद्धा ते त्याच क्रमाने करत: आधी आलं, मग कांदे, मग टोमॅटो, मग नारळ. त्यामुळे आमच्या घरी येणाऱ्या टोमॅटोंवर कायम नारळ बसलेला असायचा. आई म्हणाली, एकदा तरी नारळ आधी घ्या. अंकलांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना रविवार मंगळवारनंतर घ्यायला सांगितलं होतं. जपानी लोकांचा एक शब्दांचा खेळही ते शिकून आले होते. आपल्या भेंड्यांसारखाच, पण ज्याचा शब्द ‘न’ने संपेल तो बाद. तो आम्ही मराठीत खेळायचो. अंकल दर वेळी मोठ्या विचाराने ‘दुकान’ म्हणत आणि स्वतःच बाजूला जाऊन बसत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो वहीमुळे. मी ईसा टाउनच्या इंग्रजी शाळेत जायची. घरचं मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून इंग्लिशच यायचं, आणि चारचौघांत तेही यायचं नाही. आई वैतागायची. अंकल मात्र कौतुकाने म्हणायचे, “वरून मराठी टाकलं की खालून इंग्लिश निघतं. कुठल्या कंपनीचं मशीन गो हे?” जेवणानंतर चार-पाच कुटुंबांची अंताक्षरी रंगायची तेव्हा मी कोपऱ्यात गुण लिहायची. हिंदी गाणं आठवलं नाही की अंकल सरळ जपानी गाणं म्हणत. लोक आरडाओरडा करत. मग ठरलं की वही आमच्याच घरी ठेवायची, आणि मी ती उघडून, गाणं त्या अक्षराखाली आहे का ते बघायचं आणि मान हलवायची. देवनागरी मला शाळेतल्या हिंदीमुळे यायची. खरं सांगायचं तर माझं वाचन सुधारलं ते त्या जपानी गाण्यांवर.

बँकेतल्या काकांना हे पटत नसे. ते विरुद्ध टीमचे पुढारी, आणि हरणं त्यांना सोसत नसे. एका शुक्रवारी ओळीने तीन जपानी गाण्यांनी हरल्यावर ते म्हणाले, “गाणं याचं, वही याची, आणि साक्षीदार ही मुकी. उद्या हा वसईचं लग्नगीत नाकातून म्हणेल आणि आपण गुण देऊ.” सगळे हसले. अंकल नाही हसले. ते म्हणाले, पुढच्या शुक्रवारी खरा जपानी माणूस आणतो. त्याने ओळखलं नाही तर वही बंद, खलास.

त्या आठवड्यात अंकलांनी दोनदा फोन करून मला विचारलं, वही नीट आहे ना. मला पहिल्यांदाच वाटलं की ते घाबरलेत. खरंच, तीन वर्षांत त्यांचं गाणं तपासलं होतं कुणी?

पाहुणा आला. तरुण इंजिनियर, पांढरा शर्ट. त्याने बूट काढून दाराकडे तोंड करून ठेवले, ते बघून आमच्या चपलांची आईला लाज वाटली. माशाचं कालवण तो घामाघूम होत, पण पुन्हा मागून जेवला. त्याला माझ्या शेजारी बसवलं. तिसऱ्याच फेरीत अंकलांवर ‘य’ आला. बाहेर जून तापला होता, एसी घरघरत होता, आणि अंकल उभे राहून बर्फाचं गाणं म्हणू लागले. ते बर्फाचं आहे असं तेच सांगायचे.

पाहुण्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. बँकेतले काका मांडी बदलून नीट बसले. तिसऱ्या ओळीनंतर अंकल दोनदा खोकले, थोडं थांबले, पुढची ओळ नुसती गुणगुणले आणि मग शब्द धरले. ते गाणं ते नेहमी तसंच म्हणत. वहीतही त्या जागी ‘खोकला दोनदा’ असं लिहिलेलं होतं. पाहुण्याने हातातला ग्लास खाली ठेवला. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. मग त्याने अगदी हळू, इंग्लिशमध्ये, मलाच काहीतरी सांगितलं. कदाचित सगळ्यांत गप्प मीच होते म्हणून.

“काय म्हणतो?” काकांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. इंग्लिशमध्ये सांगणं सोपं होतं, तिथे सगळ्यांना इंग्लिश समजत होतं. पण ते ज्यांना सांगायचं होतं ते अंकल होते, आणि ते मला इंग्लिशमध्ये सांगवेना.

“गाणं खरं आहे,” मी मराठीत म्हणाले. “पण असं फक्त त्यांचे मोठे साहेब म्हणायचे. तिथेच खोकायचे, आणि ती ओळ त्यांना कधीच आठवायची नाही.” पुढचा शब्द गावाहून तार आली की आई वापरायची, तो मी कधी उच्चारला नव्हता. “अंकल, ते मागच्या थंडीत वारले. फुप्फुसाचा आजार होता.”

रुमालावर अक्षरं लिहून देणारे तेच. अंकल खाली बसले.

“मला वाटलं, खोकला गाण्यातलाच आहे,” ते म्हणाले.

पाहुणा उठला आणि त्यांच्यासमोर कमरेत वाकला. अंकलांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बँकेतले काका मला हळूच म्हणाले, “गुण लिही त्यांना.” मी लिहिला.

त्यानंतर वही बंद झाली नाही. अंकल ‘क’ची गाणी म्हणत, ‘स’ची म्हणत, टोमॅटोंवर नारळ ठेवत. दोन वर्षांनी इंजिनियरांचं काम संपलं, मशीन विकलं गेलं आणि अंकल वसईला परतले. पण बहारीनमध्ये असेपर्यंत ‘य’ आला की ते गप्प बसत. एकदाही ते गाणं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. हिंदी गाण्यांच्या अंताक्षरीत ‘य’ दर दोन मिनिटांनी येतो, त्यामुळे त्यांच्या टीमचं भारीच नुकसान व्हायचं. बँकेतल्या काकांना तेव्हा सहज जिंकता आलं असतं. पण अंकलांवर ‘य’ आला रे आला, की तेच घाईघाईने म्हणत, “हे आमचं अक्षर, आम्ही घेतो. त्यांना दुसरं द्या.”