शेल्टरचं दार

सिंगापुरात यिशुनच्या नव्या फ्लॅटांत प्रत्येक घराला एक बॉम्ब शेल्टर असतं. जाड भिंती, वजनदार पोलादी दार. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक त्यात तांदूळ, बॅगा, जुने पंखे असं काहीबाही कोंबतात. उल्का कानडे त्यात राग घेऊन जायची.

राग तरी कशाचा, तर दूध सांडलं, वही हरवली. एवढ्यातेवढ्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ऑफिसात हीच बाई डोक्यावर बर्फ ठेवून काम करायची, सर्व्हर बंद पडले तरी आवाज चढत नसे. घरी मधलं काही नाही, एकतर मुकी नाहीतर भडका.

तिची आई लीलाबाई वाईट नव्हती. तान्हा मुलगा गेला आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायला लागली, ती थेट उल्का कॉलेजात जाईपर्यंत. डबा वेळेवर, वेणी घट्ट, पण नजर कोरी. उल्का कितीही रडली तरी ती पाठ वळायची नाही. आलेल्या रडण्याचं करायचं काय, हे पोराला आईच शिकवते. उल्काला ते कुणी शिकवलंच नाही.

म्हणून जाई झाल्यावर तिनं ठरवलं, आपला राग पोरीला दिसू द्यायचा नाही. पारा चढला की शेल्टरमध्ये जायचं, दार ओढायचं, शांत झाल्यावर बाहेर यायचं. नवरा दिलीप म्हणायचा, "अगं, तिला निदान सांगून तरी जात जा." उल्का ऐकायची नाही. आपण पोरीला केवढं जपतो, याचा तिला अभिमानच होता.

२०१६ सालच्या एका रविवारी सकाळी दिलीपच्या हातून जाईच्या चित्रावर चहा सांडला. सात वर्षांची पोर लालबुंद झाली. सरळ शेल्टरमध्ये गेली आणि दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं.

उल्कानं दार उघडलं. जाई तांदळाच्या पोत्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"जाई, बाहेर ये ना गं."

"कॅनॉट ला, मम्मा. नाही येणार. तू आत असते तेव्हा मी पण डिस्टर्ब नाही करत."

ती पाठ उल्काच्या चांगल्या ओळखीची होती. लीलाबाईंनी भिंत धरली, आपण दार धरलं, एवढाच काय तो फरक, हे तिला त्या क्षणी कळलं आणि फार लाज वाटली.

ती खाली फरशीवर बसली. "मलाही राग आला की काय करायचं ते कळत नाही," म्हणाली.

पाठ वळायला वीस मिनिटं लागली. उल्का तिथून उठली नाही.