बेलमधली पट्टी

आयुष्यभर मी कारखान्याच्या विद्युत विभागात मोठमोठी पॅनेलं सांभाळली. कोलार रोडवरच्या माझ्या घराची बेल मात्र मला दुरुस्त करता आली नाही. बटणाची स्प्रिंग तुटली आणि बटण आत अडकून बेल सतत वाजू लागली. मी बटणातल्या दोन पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिकची एक पट्टी खुपसली आणि बेल गप्प केली. बायको याला दुरुस्ती म्हणत नाही.

त्या रविवारी दादा आणि पुतणी अरेरा कॉलोनीतून जेवायला आले. दार वाजवून वाजवून दादाचा हात दुखला.

"वा रे इंजिनिअर! बेल है या शोपीस?"

दादाला दोन वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग निघाला होता. रोज जेवणानंतर एक गोळी, एवढ्यावर तो ठणठणीत झाला होता. त्या दिवशी जेवण झालं, पण गोळी काही निघाली नाही.

"बाबा, गोळी?" पुतणीने विचारलं.

"बंद केली. दहा दिवस झाले. रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग झाली दुरुस्ती."

पुतणीचा चेहरा उतरला. ती जीवशास्त्र शिकवते. तिने शांतपणे समजावलं. पेशीला "वाढ" असा निरोप येतो, काम झालं की तो थांबतो. बाबांच्या काही पेशींत दोन जनुकांचे तुकडे चुकून जोडले गेले आहेत. त्यातून तयार होणारं प्रथिन थांबतच नाही, सारखं "वाढ, वाढ" सांगत राहतं. गोळी त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते, म्हणून निरोप पुढे जात नाही.

मी जाणकारासारखी मान डोलावली. दादाने डोलावली नाही. "आता रक्तातले काउंट बरोबर आहेत. छोड ना!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दादाला दाराबाहेर नेलं.

"बघ, बेल किती दिवस गप्प आहे. म्हणजे दुरुस्त झाली. हो ना?" असं म्हणून मी ऐटीत पट्टी ओढली.

बेल अशी बोंबलली की समोरचे काका बनियनवर बाहेर आले. पट्टी परत घालायला गेलो तर ती हातातून निसटून कुंडीमागे पडली. मी गुडघ्यांवर, कुंडी माझ्या पायावर, आणि दादा कानांवर हात ठेवून ओरडतोय, "अरे, घाल ना ती पट्टी!"

शेवटी बायकोने मेन स्विच बंद केला. पंखेही थांबले.

त्या शांततेत दादा खाली टेकला. "माझ्या आतही असंच सुरू झालं असेल का रे?" हे त्याने इतक्या हळू विचारलं की मला माझी ऐट नकोशी झाली.

"दहा दिवसच झालेत," पुतणी म्हणाली. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते रागावले. मग म्हणाले, आजच सुरू करा, आठवड्यात तपासणीला या, आणि गोळी कधी थांबवायची हे मी ठरवीन.

गोळ्यांची एक जादा स्ट्रिप तिच्या पर्समध्ये नेहमीच असायची. दादाने मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेतली.

"पण काका," ती मला म्हणाली, "औषध तुमच्या पट्टीसारखं अख्खी बेल मुकी करत नाही हं, फक्त तो अडकलेला निरोप थांबवतं."

तपासणी नीट निघाली. दादा गोळी चुकवत नाही. बायकोने नवी बेल आणली आहे. ती बसवायला इलेक्ट्रिशियन येणार आहे, मला हात लावायची परवानगी नाही.