आखूड पायांचे एकतीस सरडे

घरात पाल दिसली की सरडेकाका खुर्चीवर चढायचे. संग्रहालयात मात्र त्यांच्या ताब्यात नऊ हजार सरडे होते, बरण्यांत, स्पिरिटमध्ये बुडवलेले. "ऑफिसातले वाघ!" बायको म्हणायची आणि झाडूनं पाल हाकलायची.

काम साधं होतं. बरणीतलं स्पिरिट उडालं की भरायचं आणि सरड्याच्या मागच्या पायाला दोऱ्यानं बांधलेलं लेबल पुसट झालं की नवं लिहायचं. अक्षर इतकं सुरेख, की पाहुणे आले तर तिथल्या संशोधक मॅडम सरड्याआधी लेबल दाखवायच्या. माणसाला कशाचा तरी ताठा लागतोच. काकांना अक्षराचा होता.

मॅडम सरड्यांचे पाय मोजत. तीस वर्षं तेच. एकदा चहा पिताना काकांनी विचारलं, "मोजून मिळतं काय?"

"वादळात एखाद्या ओंडक्यावरून दोन-चार सरडे बेटावर पोचतात, काका. तिथं त्यांना खाणारे कमी, जागा मोकळी. मग पिढ्यान्‌पिढ्या पांगत जातात. जमिनीवर पळणाऱ्यांचे पाय लांबतात, बारीक फांदीवर राहणाऱ्यांचे आखूड होतात."

"आणि मुख्यभूमीवर?"

"तिथं बऱ्याचशा खुर्च्या आधीच भरलेल्या. आपल्या ऑफिससारख्या. सरकणार कुठं?"

काका खूप हसले होते तेव्हा.

एका बरणीनं मात्र मॅडमना छळलं. आखूड पायांचे एकतीस सरडे, लेबलावर 'मुख्यभूमी'. असले सरडे मुख्यभूमीवर दुसऱ्या कुणाला कधी दिसले नव्हते. मॅडमनी चार उन्हाळे रानं पालथी घातली. हाती भोपळा. एक गुडघा कायमचा निकामी झाला, आणि बरोबरीचे लोक म्हणू लागले, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, मॅडमची बरणीपर्यंत."

हे सरडे ज्यांनी पकडले ते जुने साहेब मॅडमचा शोध सुरू होण्याआधीच वारले होते. त्यांच्या बायकोनं आता कुठं त्यांच्या वह्या संग्रहालयाला पाठवल्या. सोमवारी सकाळी काका त्यांवरची धूळ पुसत होते. पुसता पुसता एक पान वाचलं आणि हात थांबला. 'मु., म्हणजे मुखबेट. खारफुटीत एकतीस मिळाले.'

मुखबेट म्हणजे नदीच्या मुखापाशी असलेलं खडकाळ बेट.

वीस वर्षांपूर्वी त्या जुन्या लेबलांवर 'मु.' एवढंच वाचता येत होतं. पत्रावर मु. म्हणजे मुक्काम, संग्रहालयात मु. म्हणजे मुख्यभूमी, हे तिथला शिपाईसुद्धा सांगेल. तरी काकांच्या मनात पाल चुकचुकली होती. साहेब तेव्हा हयात होते, फोन करता आला असता. पण शाईची बाटली उघडली होती, दुपारपर्यंत लेबलं संपवायची होती. काकांनी एकतीस वेळा 'मुख्यभूमी' लिहिलं, वळणदार.

आता त्या बेटावर दगडाची खाण निघणार होती. परवानगीसाठी संग्रहालयाला विचारणा झाली होती आणि गेल्याच महिन्यात मॅडमनी कळवलं होतं, या बेटावरचा एकही नमुना आमच्याकडे नाही, तिथं विशेष काही असल्याची नोंद नाही. पत्र काकांनीच टपालात टाकलं होतं.

सांगायला हवं होतं, तिथल्या तिथं. पण निवृत्तीला दोन महिने उरलेले. सोमवारी मॅडम कामात आहेत असं त्यांनी स्वतःला पटवलं. मंगळवारी दारापर्यंत गेले आणि स्पिरिट किती मागवायचं ते विचारून परतले. बुधवारी, गुरुवारी डबा उघडलाच नाही. लाज वाटत होती, निव्वळ लाज. नोकरी जाण्याची भीतीसुद्धा नव्हती त्यात.

शुक्रवारी त्यांनी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली.

मॅडमनी ते पान वाचलं. त्यांनी ताबडतोब खाणीच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस इतका मोठ्यानं बोलत होता, की काकांना शब्द न्‌ शब्द ऐकू आला. "थांबवा? अहो, बुधवारीच सुरुवात झाली की. बोटी लावायला जागा नव्हती, म्हणून आधी कडेची खारफुटीची झुडपं साफ केली. पेटवली पण. बेटावर सगळी मिळून तेवढीच होती. तुमचंच पत्र होतं ना?"

मॅडमनी फोन ठेवला. बराच वेळ त्या गुडघा चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "काका, हे तुम्हाला कधी कळलं?"

'आत्ताच' म्हणता आलं असतं. ते जिभेवर आलंही होतं.

"सोमवारी," काका म्हणाले.

मॅडमनी मान हलवली आणि त्यांना घरी जायला सांगितलं.

घरी बायकोला सगळं सांगताना काका ढसाढसा रडले. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, पाठीवरून हात फिरवला. "एवढं काय लावून घेता? तुमचे सरडे तर कधीचे मेलेलेच होते ना?"

"बरणीतले गं," काका म्हणाले. "बेटावरचे मंगळवारपर्यंत जिवंत होते."