पाच गाड्या आणि वहिनींचा राब

माझ्या लेकीला चारही चाकं ओढणाऱ्या गाडीचं वेड आहे. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, लेकीला. शनिवार-रविवार आला की तिच्यासारखेच चार-पाच वेडे गाड्या घेऊन निघतात, कुठल्यातरी ओढ्यात घालतात, अडकतात, एकमेकांना दोरानं ओढतात आणि खूश होऊन घरी येतात. आमच्या लहानपणी बैलगाडी चिखलात रुतली की घरात सुतक असल्यासारखं व्हायचं. हे मुद्दाम रुतायला जातात. असो, प्रत्येकाची हौस.

मी दोनदा गेले त्यांच्याबरोबर. पहिल्यांदा तानशाच्या बाजूला, तिथं काही घडलं नाही, मी पिठलं केलं आणि सगळ्यांनी खाल्लं. दुसऱ्यांदा माझ्या माहेरी गेलो. तेव्हा माझ्या एका शब्दानं शेजारच्या वहिनींचं वर्षभराचं शेत हातचं जायची वेळ आली, ते सांगते.

होळी होऊन आठवडा झाला होता. शहापूरला चहा घेऊन आम्ही किन्हवलीवरून सरळगावकडे निघालो. पाच गाड्या, माणसं अकरा. सगळ्यांत पुढे कल्याणचा एक जण, टोळीचा पुढारी. याची गाडी इतकी नवी की उभी केली रे केली की तिला जाड कव्हर घालायचा. दुपारभर कोरड्या नदीत दगडांवरून गाड्या चढवल्या-उतरवल्या. टायरमधली हवा कमी करतात, का तर म्हणे पकड चांगली येते. लेक मला सांगत होती, "आई, घट्ट धर," आणि मी म्हणत होते, "धरलंय गो बाई, तू पुढं बघ." उन्हं कलली तसं माझ्या भावाच्या मोकळ्या शेतात तंबू ठोकले. भाऊ कल्याणला लेकाकडे असतो, त्याला फोनवर विचारलं होतं.

लाकडं आणायची कोणाची पाळी होती ते कोणालाच आठवेना. पुढाऱ्यानं शेजारच्या बांधावर मोहाच्या झाडाखाली रचलेले पालापाचोळ्याचे भारे बघितले.

"काकू, ते घेऊ का हो जाळायला?"

मी खुर्चीत बसले होते, कांदा चिरत होते. वर बघितलं. मला काय ते कळलं होतं, असं नाही म्हणणार की कळलं नाही. ती कवळं होती. ऐनाच्या डहाळ्या पानांसकट तोडून, बांधून, सुकवून ठेवतात, त्याला कवळं म्हणतात. शेताच्या एका तुकड्यावर ती पसरून भाजायची, म्हणजे राब भाजायचा. मग पावसात तिथंच भाताची रोपं करायची. भाजलेल्या जमिनीत तण येत नाही, रोप जोरात येतं. लहानपणी मी स्वतः डोक्यावरून वाहिलीत. पण माझ्या भावानं राब सोडून पंधरा-वीस वर्षं झाली, वाफे करतो, खत टाकतो. मला वाटलं, आता कोण राब भाजतंय? जुनी पडली असतील कोणाची.

"घ्या की," म्हटलं मी.

त्यांनी एक भारा टाकला. सुकी पानं ती, भसकन पेटलं आणि संपलं. म्हणून दुसरा टाकला. कवळं काही शेकोटीसाठी नसतात, वर माती टाकून ती हळूहळू धुमसवायची असतात. ह्यांना काय माहीत! ज्वाळा उंच गेली की टाळ्या, खाली बसली की आणखी एक भारा. भात शिजून ताटं घासून होईपर्यंत ढीग संपत आला.

सकाळी मी चूळ भरत होते, तर बांधावरून वहिनी येताना दिसल्या. भावकीतल्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. डोक्यावर शेणाची पाटी. मोहाखाली आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"कवळं कुठं गेली गो माझी?"

तोंडात पाणी होतं ते मी गिळलं. "वयनी, मी जाळली."

"तू?"

"ह्या पोरांनी. पण घ्या म्हणून मीच सांगितलं."

त्यांनी पाटी उतरवली. उरलेले भारे पायानं हलवून बघितले. चारच होते. "बाय, तू माहेर विसरलीस का काय? पौसाच्या थंडीत एकेक फांदी तोडलीय मी. आता ऐनाला पान हाय का बघ तिकडं, एक नाय." मग खालीच बसल्या. "पोरगा भिवंडीला बसून सांगतो, आये, होत नाय तुझ्यानं, शेत पड ठेव नायतर दे कोनाला. ह्या साली राब नाय झाला, का झालंच. त्याला मी काय दाखवू?"

एवढंच होतं त्यांच्याकडे, तो तुकडा आणि तो स्वतः करायचा हट्ट.

पुढारी पुढे आला. चांगला मुलगा, चेहरा पार उतरला होता. "मावशी, मी कल्याणहून टेम्पो भरून सुकं लाकूड पाठवतो. उद्याच."

"लाकडानं राब भाजतात का रं? जमीन जळंल माझी."

"मग काय आणू, सांगा तुम्ही."

वहिनींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. अर्धी विजार, टोपीवर काळा चष्मा. "पातेरा आण. सागाखाली पडलाय वरती, गावच्या रानात. झाडून आण. पन गाडी नाय जायाची तिथं."

"आमची गाडी कुठंही जाते, मावशी."

"पायवाट हाय ती. तुझी गाडी काय एका पायानं चालती?"

सगळे हसले, तोही हसला, मग पायीच रानात गेले. पातेरा भरायला पोती नव्हती. तंबूच्या पिशव्या घेतल्या, त्या दोन मुठीत भरल्या. तेव्हा लेकीनं पुढाऱ्याच्या गाडीवरचं कव्हर ओढून काढलं. त्यानं "अगं, अगं" केलं आणि स्वतःच एक टोक धरलं. काटक्यांचे झाडू केले, कव्हरात सागाची पानं ढकलली, चौघांनी चार टोकं धरून रानातून खाली आणायची. वाटेत पाय घसरून कव्हर फाटलं. दुसऱ्या गाडीचं कव्हर आलं.

रानातून रस्त्यापर्यंत हातांवर, रस्त्यावरून शेतापर्यंत गाडीतून. एकानं उत्साहात गाडी थेट बांधावर घातली, तर वहिनी ओरडल्या, "बांध फोडशील मेल्या, माघारी घे!" एवढा नदीत दगडांवर गाडी चढवणारा गडी, निमूट माघारी गेला.

मी वहिनींबरोबर खाली थर लावत होते. आधी शेण, मग उरलेली कवळं, त्यावर पातेरा, त्यावर गवत, वर भुसभुशीत माती. चांगल्या सात-आठ खेपा झाल्या. बाराच्या उन्हात पोरं लालबुंद झाली. तरी एक कोपरा राहिलाच, बाज मावेल एवढा. रानातला त्या अंगाचा पातेरा संपला होता आणि पोरांचा दमही.

"ऱ्हाऊ दे तेवढा," वहिनी म्हणाल्या. "वारा पडला की बाकीचा मी भाजीन. जावा आता."

जाताना त्यांनी कोणाचे आभार मानले नाहीत. का मानावेत? पुढाऱ्यानं फाटकं कव्हर गुंडाळून मागे टाकलं. गाडीत लेक म्हणाली, "आई, तू बोलायचं होतंस ना, नको घेऊ म्हणून." मी म्हटलं, "हो."

आषाढात मी एकटीच एसटीनं गेले, आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं उपटून लावायच्या दिवशी. भावाच्या घराच्या पायरीवर चपला काढल्या आणि सरळ शेतावर. रोपं हिरवीगार उठली होती, दाट, एका उपटीत मूठ भरेल अशी. न भाजलेल्या कोपऱ्यात मात्र अर्धं गवत, अर्धी पिवळी काडी. वहिनींचा मुलगा भिवंडीहून आला होता, गुडघ्याएवढ्या चिखलात वाकून आवत होता. त्यानं मला बघून मान हलवली. शेत सोड म्हणाला नाही त्या दिवशी. पुढच्या सालचं मला माहीत नाही.

वहिनींनी मला कोपरा दाखवला. "ते तुझं," म्हणाल्या.

मी पदर खोचला आणि बसले. गवत वेगळं काढायचं, रोप वाचवायचं, दुपारपर्यंत तेवढंच काम केलं. दोनदा माझ्या हातून रोपच मुळाशी तुटलं. वहिनी मागेच होत्या.

"हळू गो," म्हणाल्या, "आणि मुळासकट."