गौराआत्याची स्टेपनी

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात बँकेच्या रांगेत उभा होतो. फोन मेहबूबभाईंचा, म्हणजे आत्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरचा. "दत्ताभाई, आत्या नै रहे," एवढंच ते बोलले आणि रडायला लागले. खोटं कशाला लिहू, वळसंगला आत्याच्या घरी पोचल्यावर मला दुःखापेक्षा रागच जास्त आला. ही बाई मरतानासुद्धा माझं ऐकून मेली नाही. बीपीच्या गोळ्या रोज घ्यायच्या होत्या. ट्रंकेत गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी सापडली. भारी गोळ्या हायत, जास्त तरास व्हाया लागला की घीन, असं तिनं शेजारणीला सांगून ठेवलं होतं म्हणे...

गौराआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ट्रक विकून टाक असं सगळ्या भावकीनं सांगितलं, तिनं विकला नाही. मेहबूबभाईंना गाडीवर ठेवलं आणि कांद्याचं भाडं ठरवायला मार्केट यार्डात स्वतः जायला लागली. डोक्यावरचा पदर न ढळू देता ती व्यापाऱ्यांना अशी काही झापायची, की पुढच्या खेपेला ते आधीच चहा मागवून ठेवायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे मी अभिमानानं लिहितो. माझा पदवीच्या झग्यातला फोटो तिनं हौसेनं मोठा करून घेतला, चांगली फ्रेम केली आणि ट्रंकेत ठेवला. भिंतीवर लावला तर उन्हानं रंग जातो! कुणी पाहुणा आला की ट्रंक उघडायची, फोटो दाखवायचा, पुन्हा साडीत गुंडाळून आत. चांगली वस्तू वापरायची नसते, हा तिचा धर्मच होता. पंख्याच्या पात्यांवरचं प्लास्टिक शेवटपर्यंत निघालं नाही.

टायरवरून आमचं वाजलं ते मात्र असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मेहबूबभाई कांदा भरून हैदराबादला जायचे आणि पुढच्या चाकांना स्वस्तातली, गुळगुळीत झालेली टायरं. मागचं टायर फुटलं तर गाडी एका अंगाला बसते, पुढचं फुटलं तर स्टेअरिंग हातातून जातं, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. हिशेबही मांडून दाखवला. भारी कंपनीचं टायर घेताना महाग पडतं, पण जास्त चालतं, झिजल्यावर त्याच्यावर नवं रबर चढवता येतं, शेवटी स्वस्तच पडतं. धावलं तर! ती म्हणाली, "आण की मग. माजं काय म्हननं हाय?" पैसे जमतील तसं आधी एक आणू, जोडीदार नंतर, असं ठरलं. मी स्वतः जाऊन दुकानातलं सगळ्यात भारी टायर आणलं. पंधरवड्यानं गेलो तर पुढची चाकं तशीच, आणि ते नवंकोरं टायर गाडीच्या मागं स्टेपनी म्हणून टांगलेलं, साखळीनं बांधून कुलूप ठोकलेलं. किल्ली आत्याच्या कनवटीला.

"अगं, हे पुढं लावायला आणलं होतं!"

"फुडं लावल्यावर झिजंल की."

"टायर झिजायलाच असतं, आत्या!"

"व्हय? कॉलेजात ह्येच शिकिवलं काय तुला? चांगली वस्तू घ्याची आन् झिजवायची?"

मेहबूबभाई बाजूला उभे राहून हसत होते. मी म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, "मैं नै बोलतूं. ये घर का मामला है."

आणि मग व्हायचं तेच झालं. नळदुर्गजवळ पुढचं टायर फुटलं. गाडी रस्ता सोडून शेतात घुसली, कांद्याची पोती फुटली, मेहबूबभाईंच्या कपाळाला टाके पडले. आत्या मिळेल त्या जीपनं नळदुर्गला गेली. त्यांना घरी आणलं, टाके निघेपर्यंत बकऱ्याच्या पायाचा रस्सा करून पाजला, रोज त्यांच्या बायकोची समजूत काढली. तिला माणसाची किंमत नव्हती असं कुणी म्हणू नये. पण गाडी त्या स्टेपनीवर घरी आली, आणि आल्या आल्या बाईनं ते टायर काढायला लावलं, धुतलं आणि परत मागं टांगलं! पुढं पुन्हा कुठलं तरी जुनंच. वर मलाच म्हणते, "बग, ऐन टायमाला कामाला आलं का न्हाई?"

"ते आधीच पुढं असतं तर ऐन टाइम आलाच नसता, आत्या..."

"तुज्याशी कोन बोलंल बाबा. लई शिकलायस तू."

मी कित्येक वर्षं काहीतरी बोलत राहिलो आणि ती तशीच मला वेड्यात काढत राहिली.

आत्याचे दिवस झाल्यावर गाडी मेहबूबभाईच चालवणार असं ठरलं. मी म्हटलं, आता पहिलं काम ते टायर पुढं. त्यांना घेऊन दुकानात गेलो. कुलूप गंजलं होतं, ते तोडावं लागलं. दुकानदारानं टायर जमिनीवर टाकून फिरवून पाहिलं. नक्षी जवळजवळ कोरी. कडेला नव्या टायरला असतात तसे रबराचे केस अजून शाबूत. पण बाजूच्या रबराला सगळीकडं बारीक चिरा. इतकी वर्षं सोलापूरचं ऊन खाल्लेलं. "ह्ये फुडं लावू नका सायेब," तो म्हणाला. "चालवून झिजलं असतं तर काय वाटलं नसतं. ह्ये नुसतं ठिवून ठिवून म्हातारं झालंय." मला त्या टायरला लाथ घालावीशी वाटली.

मी तिथंच दोन नवी टायरं काढायला सांगितली, चांगली, भारीतली. माणूस जॅक लावायला वाकला, तेवढ्यात मेहबूबभाई माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "दत्ताभाई, बुरा नक्को मानो. आगे एकीच डालते, दुसरा नवा पीछे रखते क्या? वक्त पे काम आता..."

मी असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "अहो, त्या स्टेअरिंगमागं तुम्ही बसता! तुम्ही!" आणखीही बरंच काही बोललो. मेहबूबभाई मान खाली घालून ऐकत होते. बोलून झाल्यावर मी सवयीनं गप्प उभा राहिलो. कारण इथं आत्याचं काहीतरी उलट उत्तर यायचं, कायमच यायचं...

दुकानातला माणूस जॅकचा दांडा धरून माझ्याकडं बघत होता. शेवटी त्यानंच विचारलं, "मग, दोन्ही लावू का फुडं?"